बाबा कडेनंच चालत होता

आमच्या गावात बापाला अरे-तुरे करायची रीत होती. त्यात अनादर नव्हता, देवालाही आम्ही तसंच हाक मारायचो. म्हणून माझा बाबा माझ्या लिहिण्यातही 'तो'च राहील. पुढे मी मास्तरीण झाले, मुलांना शुद्ध लिहायला शिकवलं, पण त्याच्याबद्दल 'ते' लिहायला हात वळत नाही.

ठाण्याजवळच्या माजिवड्याहून खाडीकडे उतरलं की आमचं गाव लागायचं. पावसाळ्यात भात आणि पावसाळा सरला की मीठ, असं आमचं वर्ष. आई-बाबा दोघंही मिठागरावर जायचे. थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणायचे, तोही जायचा. मी मात्र गावातून मराठी सातवी पास झालेली पहिली मुलगी होते, आणि ते बाबामुळे. 'पोर शिकून काय मीठ गोरं करनार काय?' असं लोक त्याला विचारायचे. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा शाळेच्या वाटेला लावायचा.

मी सतरा वर्षांची असतानाची गोष्ट. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती आणि मुंबई राज्यात दारूबंदी लागू होती. फाल्गुनातल्या एका दुपारी बाबा मला घेऊन ठाण्याला गेला. मुलींना मास्तरकी शिकवायचा वर्ग असतो, तिथे आमच्यातल्या पोरीला घेतील का, एवढं त्याला विचारायचं होतं. तिथल्या बाईंनी 'का नाही घेणार?' असं म्हटलं आणि बाबाला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. बाजारात त्यानं मला चपला घेऊन दिल्या. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्या चपला.

परतताना आम्ही आग्रा रोडनं चालत निघालो. ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. नव्या चपला चावायला लागल्या म्हणून मी त्या काढून हातात घेतल्या आणि थोडी मागे पडले. बाबा पुढे चालत होता, डांबराच्या बाहेर, कडेच्या मातीतून. समोरून बैलगाड्यांची रांग येत होती. तिच्या मागून खडी भरलेला एक ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरला थांबायला धीर नव्हता. भोंगा वाजवत तो रांगेला वळसा घालून आमच्या बाजूला आला, डांबर सोडून मातीत उतरला, आणि बाबा जिथे चालत होता तिथून पुढे गेला.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. ट्रक पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. तरुण होता. तो पळाला नाही. चाकाला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून राहिला. गाडीवानांनी बाबाला उचललं तेव्हा तो गेलेला होता.

दिवसकार्य व्हायच्या आतच आमच्या कानावर बोलणं आलं. दादा पोलिसांकडे गेला होता, तिथल्या हवालदारानं सांगितलं की ड्रायव्हरनं जबाब दिला आहे: माणूस प्यायलेला होता, झोकांड्या खात आडवा आला. ट्रकचा मालक कल्याणचा, त्याची खडीची खाण होती. त्याचा माणूस पोलिसांत दोनदा येऊन गेल्याचंही हवालदार म्हणाला.

संध्याकाळची वेळ, मिठागरावरचा माणूस, म्हणजे प्यायलेला असणारच. हे कुणालाही पटण्यासारखं होतं, आणि आम्हाला नेमकं तेच लागलं. आमच्याकडचे पुरुष ताडी प्यायचे, दारूबंदी आल्यावरही चोरून प्यायचे. पण बाबा प्यायचा नाही. गावाला हे ठाऊक होतं. गावाबाहेर ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दादा कोयता घेऊन उठला. "त्या ड्रायवरला सोडत नाय मी," म्हणाला.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "ठेव तो कोयता. तू जेलात गेल्यावं माझ्या नवऱ्याचा नाव साफ व्हनार हाय काय?"

मग तिनं आम्हा दोघांना घेऊन ठाण्याची कचेरी गाठली. सरकारी वकील एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि समजेल असं बोलले. "ही केस खुनाची नाही," ते म्हणाले. "त्याचा मारायचा हेतू नव्हता. हयगयीनं, बेदरकारपणे गाडी हाकून माणसाच्या मृत्यूला कारण झाला, असा गुन्हा आहे. कायद्यात याला फार तर दोन वर्षं कैद आहे, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. शाबीत झालं तर."

दादा भडकला. "हेतू नव्हता म्हणून माझा बाप कमी मेला काय?"

"नाही रे बाबा," वकील म्हणाले. "पण ठरवून मारणारा आणि हयगयीनं मारणारा, कायद्याला ही दोन माणसं वेगळी दिसतात. आणि ती वेगळी असतात."

आईनं एकच विचारलं, "माझा नवरा पिऊन नव्हता, हे कोर्ट सांगल काय?"

"साक्षी नीट झाल्या तर सांगेल. बचावाचं सगळं त्याच्यावरच उभं राहणार आहे."

"मग किती वर्सं ते तुमी बगा," आई म्हणाली. "मना तेवढाच पायजे."

आमचा मामा आईचा धाकटा भाऊ. बापामाघारी आईनंच त्याला वाढवलं होतं. तो त्या ट्रकमालकाच्याच खाणीला मजूर पुरवायचा. एका सकाळी तो आला, ओटीवर बसला, चहा घेतला आणि जमिनीकडे बघत बोलायला लागला.

"बाय, मालक वाईट मानूस नाय. दादाला खानीवर कायमचा लावतो म्हनतो. पोरीच्या लग्नाचाबी बगल. तुमी फक्त जास्त ताणू नका. पोरीनं सांगायचं, मी मागं व्हते, मना नीट दिसला नाय. बस."

"आनि तुझा दाजी पिऊन व्हता, असाबी सांगायचा?"

"ते तुमी नका सांगू. ते वकील सांगल. तुमी गप ऱ्हायचा."

आईनं त्याच्या हातातली रिकामी कपबशी काढून घेतली. "मी गप ऱ्हायले म्हंजे मीच सांगितल्यासारखा झाला," ती म्हणाली. मामा निघून गेला. दादा त्या दिवशी मिठागरावर गेला आणि खाणीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. ती नोकरी त्याला हवी होती, हे मला माहीत आहे. मिठागरावर पाय चिरतात आणि मीठ आत जातं. खाणीवरचा पगार बारमाही होता. तरी त्यानं आईला एका शब्दानं विचारलं नाही.

तारखा पडत गेल्या. भाताची लावणी झाली. दर तारखेला आम्ही चालत ठाण्याला जायचो, कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली बसायचो, आणि पट्टेवाला आमचा पुकारा करायच्या आधीच पुढची तारीख कळायची. पहिल्यांदा आम्ही तिघंच होतो. मग शेजारची काकू यायला लागली. मग तिची जाऊ. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पावसात डोक्यावर इरली घेऊन आमच्या बायका कोर्टाच्या वऱ्हांड्यात ओळीनं उभ्या राहायच्या आणि काळे कोट घातलेले लोक वळसा घेऊन जायचे. निम्मं गाव यायला लागलं तेव्हा कारकुनानं विचारलंसुद्धा, की तुमच्यातले साक्षीदार नक्की किती.

शेवटी श्रावणात साक्षी सुरू झाल्या. गाडीवानांपैकी एकानं ट्रक मातीत उतरल्याचं सांगितलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी प्रेत तपासताना दारूचा वास आला नव्हता असं सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. कल्याणहून आलेले, गोरेपान, आवाज असा की वऱ्हांड्यात ऐकू जावा. ताडीचा वास काही तासांत जाऊ शकतो का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शक्य आहे."

मग माझा पुकारा झाला. मी 'ईश्वरसाक्ष खरे सांगेन' म्हटलं. सरकारी वकिलांनी विचारलं तसं मी सांगितलं. मग ते दुसरे उठले.

"तू मागे पडली होतीस?"

"हो."

"लक्ष चपलांकडे होतं?"

"चपला हातात होत्या. लक्ष बाबाकडे होतं."

"का? वडिलांकडे लक्ष ठेवावं लागत होतं? पाय लटपटत होते?"

आपण कुठे ओढले जातोय हे मला कळलं, आणि राग आला, आणि रागानं माझी शाळेतली भाषा पळाली. "नाय," मी म्हणाले. "तो खुशीत व्हता म्हणून बगत व्हते. मना मास्तरीण करनार व्हता तो."

मॅजिस्ट्रेटसाहेब लिहीत होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

माझ्यानंतर आई. नऊवारी घट्ट कसलेली, कपाळ मोकळं, पायात काही नाही. पिंजऱ्यात उभी राहिली तर कठडा तिच्या छातीला लागत होता. मामाही आला होता, मागे दाराशी उभा होता.

आरोपीच्या वकिलांनी गोड आवाजात सुरुवात केली. "बाई, तुमच्या गावात ताडी पितात ना?"

मी दादाचा हात धरला. दारूबंदीचे दिवस. नाही म्हणाली तर धडधडीत खोटं, आणि हो म्हणाली तर मागे ओळीनं उभं असलेलं सगळं गाव अडकलं. आमच्या मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

"पितात," आई म्हणाली. "कोन पितात ते इचारू नका, सांगनार नाय. मी माझ्या नवऱ्याबद्दल सांगाला आयलेय."

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली, पण त्यांच्याही मिशा हलल्या.

"बरं. गावात सगळे पितात, आणि तुमचा नवरा तेवढा नाही. हे कशावरून? तो मिठागरावर असताना तुम्ही चोवीस तास त्याच्या मागे होता?"

"नव्हते."

"मग तुम्हाला कसं कळणार?"

आईनं कठड्यावरचे हात काढले. तिनं एकदा मागे दाराकडे पाहिलं, जिथे मामा उभा होता. मग ती वकिलांकडे वळली.

"माझा बाप रोज प्यायचा," ती म्हणाली. "घरी आला का माझ्या आयेला मारायचा. मी लहानपनी ते रोज बगला. पिनाऱ्याची बायको कशी दिसतं, कशी चालतं, दार वाजला का कशी दचकतं, ते मना शिकवू नका. लगीन झाल्यावं मी याला पयल्या राती सांगितला, पिऊन आलास तर मी ऱ्हानार नाय. एकवीस वर्सं ऱ्हायले मी. माझ्याकडं बगा, साहेब. मी दचकनारी बाय दिसतंय काय?"

वकिलांनी कागद चाळले. नंतर ते "नो मोर क्वेश्चन्स" म्हणून खाली बसले. मी आईकडे बघत होते. रोज चुलीपुढे, शेतात, मिठाच्या पाट्या वाहताना पाहिलेली बाई, आणि ती ही. आपण हिच्या पोटी जन्मलो, असं मला त्या क्षणी इतकं जोरात वाटलं की रडूच आलं.

मामा मात्र निघून गेला होता. त्यानं वाटेत गाठून आईला म्हटलं, "मेलेल्या बापाची अब्रू तू कोर्टात काढलीस. आता माझ्या दारात येऊ नको." घरापर्यंत आई पदराला डोळे पुसत चालली. कोर्टात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

पुढच्या तारखेला साहेबांनी ड्रायव्हरला काय सांगायचं आहे ते विचारलं. तो साताऱ्याकडचा होता. वकिलांनी शिकवलेलं त्यानं पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, पण 'झोकांड्या' या शब्दापाशी अडखळला आणि तेवढं गिळून पुढे गेला. ते मी पाहिलं.

निकाल दिवाळीच्या तोंडावर लागला. वऱ्हांडा गच्च भरला होता. साहेब इंग्रजीत वाचत होते. मला एखाद-दुसरा शब्द कळत होता, आईला एकही नाही. वाचून झालं, कागद मिटले, पोलीस ड्रायव्हरजवळ सरकले. आमचे वकील मागे वळून हळूच म्हणाले, "सहा महिने सक्तमजुरी."

दादा पुटपुटला, "सा म्हयने. बास?"

पण आई उठून उभी राहिली होती. "साहेब," ती मोठ्यानं म्हणाली. पट्टेवाला "ए, खाली बस" करत धावला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"काय बाई?"

"तुमी काय वाचलात ते मना कळला नाय. माझ्या नवऱ्याबद्दल काय लिवलाय, ते आमच्या भाषेत सांगा."

कोर्टात असं कुणी विचारत नसावं. कारकून तोंड उघडं टाकून बघत होता. साहेबांनी मिटलेले कागद उघडले. चष्मा सारखा केला. मग ते सावकाश, एकेक शब्द वेगळा काढत मराठीत बोलले. "मयत इसम रस्त्याच्या कडेनं, मातीतून चालत होता. दिवसाचा उजेड होता. तो दारू किंवा ताडी प्यायलेला होता असं मानायला काहीही पुरावा नाही. बचाव पक्षानं तसं सुचवणं गैर होतं. अपघातात मयताची कसलीही चूक नव्हती." थोडं थांबून ते म्हणाले, "कळलं?"

"कळला," आई म्हणाली. मग मागे वळून, वऱ्हांड्यातल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "ऐकलात ना सगल्यांनी?"

"ऐकला!" बाहेरून एकदम उत्तर आलं. साहेबांनी या वेळी पेन्सिल आपटली नाही.

आवारात पिंपळाखाली ड्रायव्हरची बायको बसली होती. मांडीवर तान्हं मूल, रडून रडून चेहरा सुजलेला. आमच्या बायका तिच्याकडे बघून कुजबुजत होत्या. आई तिच्यापाशी गेली आणि उभी राहिली. ती बाई घाबरून मागे सरली. आई तिला काय बोलेल, मला धडकीच भरली.

"तुझा येल," आई म्हणाली. "सा म्हयन्यांनी येल." आणि मला म्हणाली, "हिला पानी आनून दे."

मी पाणी आणून दिलं. त्या बाईनं प्यायलं आणि उरलेल्यात हात भिजवून बाळाच्या तोंडावरून फिरवला. आम्ही चालायला लागलो. आग्रा रोडवर आई सगळ्यांच्या पुढे होती, कडेच्या मातीतून, ताठ. बाबा जिथे गेला त्या जागी ती थांबेल असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही. उलट तिथे तिची चाल जरा वाढली, आणि मागून सगळं गाव भराभर चालायला लागलं. मोटारी भोंगे वाजवून बाजूनं जात होत्या. आम्ही कुणीही मान वळवली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला आईनं पाट मांडला. आम्ही म्हटलं, मामा येणार नाही. ती म्हणाली, "पाट मांडायचा माझ्याकडं हाय. यायचा त्याच्याकडं." दुपार टळून गेल्यावर मामा अंगणात येऊन उभा राहिला. आत यायचा नाही, जायचाही नाही.

"ये, बस," आई म्हणाली.

तो पाटावर बसला. आईनं त्याला ओवाळलं. तबकातल्या निरांजनाकडे बघत त्यानं विचारलं, "बाय, आयेला तो खरंच रोज मारायचा?"

"व्हय."

"मना कसा ठावं नाय?"

"तू ल्हान व्हतास. मी तुला घेऊन मागच्या पडवीत जायची नि तुझे कान झाकून धरायची. तुला वाटायचा मी खेलतंय."

मामानं, जेवायच्या आधीच, खाली वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. खाणीला मजूर पुरवणं त्यानं पुढच्या वर्षी सोडलं. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी मास्तरकीच्या वर्गाला गेले. पहिली नेमणूक कल्याणला मिळाली, पुढे बरीच वर्षं डोंबिवलीला काढली. लग्नाकार्यात नातेवाईक जमले की मामा हमखास कोर्टाची गोष्ट काढायचा. "माझी बहीन पिंजऱ्यात उभी ऱ्हायली नि कल्यानचा एवढा मोठा वकील खाली बसला," असं म्हणून तो दोन्ही हात फाकवून दाखवायचा. त्याच्या सांगण्यात वकील दरवेळी आणखी उंच व्हायचा, साहेबांच्या मिशा आणखी झुपकेदार व्हायच्या. पोरं डोळे विस्फारून ऐकायची. मीही प्रत्येक वेळी तितकीच मन लावून ऐकायचे, आणि सासरचं कुणी जवळ असेल तर त्यांना कोपरानं ढोसून दाखवायचे: ती बघा, ती कोपऱ्यात वाल सोलतेय ना, ती माझी आई.

"काय वाढवून सांगतोस रे," आई सोलता सोलता म्हणायची. "त्यानं इचारला, मी सांगितला."